‘सुटलीस’ म्हणायचं राहून गेलं

१

चूक माझी होती. बाबांची नाही, ताईची नाही, कुत्र्याची तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की पहिल्यांदा दोष कोणाचा ते ठरतं आणि मग बिघडलेली वस्तू बघायला लोक उठतात. नळ गळायला लागला तरी बाबा पाना शोधण्याआधी गुन्हेगार शोधतात. तेव्हा या वेळी शोधाशोध नको. मीच.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सिव्हिल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष अर्ध्यात सोडून घरी बसलो होतो. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले शिफ्ट सुपरवायझर. तीस वर्षं मशीनच्या धडधडाटात त्यांचा डावा कान गेला, हुकूम सोडायची खोड मात्र गेली नाही. आई एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची, नऊ ते सहा. थोरली ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी नऊला ती तिच्या मुलीला स्कूटरवरून आमच्याकडे सोडायची, संध्याकाळी पाचला न्यायची. घरात दोन धडधाकट पुरुष रिकामे बसलेत, मग पाळणाघर कशाला, असं तिचं म्हणणं. यात खोटं काही नव्हतं.

मुलगी चार वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण ती एका जागी थांबलेली कोणी पाहिलीच नव्हती. जेवताना घास तोंडात घेऊन घरभर एक फेरी मारायची आणि पुढच्या घासाला परत यायची. झोपेतसुद्धा पाय हलायचे.

कुत्रं मी आणलं. खरं सांगायचं तर बाबांना डिवचायला. “एक तरी गोष्ट शेवटाला नेलीस का जन्मात?” असं ते जेवताना म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी मी अडीच महिन्यांचं तपकिरी पिल्लू शर्टाच्या आत घालून घरी आलो. नाव ठेवलं साहेब. तीस वर्षं लोकांकडून साहेब म्हणवून घेतलेल्या माणसासमोर “साहेब, सोफ्यावर मुतायचं नाही” असं ओरडण्यात जे सुख आहे ते मी दुसऱ्या कशात अनुभवलेलं नाही.

पण साहेब चावायचा. दात म्हणजे नुसत्या सुया. घोटे, चपला, पडद्याची टोकं, बोटं, काही वर्ज्य नव्हतं. आणि पळणारं काही दिसलं की त्याला चेवच चढायचा. घरात सतत पळणारं कोण होतं ते वर सांगितलंच आहे. तो तिच्या फ्रॉकचं टोक धरून लोंबकळायचा, ती खिदळत गोल गोल फिरायची, आणि खेळ रोज रडण्यात संपायचा.

दहाव्या दिवशी ताईने मुंगीची बाही वर केली आणि माझ्यासमोर धरली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा.

“हे काय आहे?”

“खेळतात गं दोघं. दात येतायत त्याला.”

“मी दिवसभर लोकांना सुया टोचते ना, मला टोचलेलं ओळखता येतं.” ती शांतपणे म्हणाली. ताई शांत झाली की जपून राहावं. “अजून एक ओरखडा दिसला तर एक तर कुत्रं इथे राहील नाही तर ही. आणि हिला दुसरीकडे ठेवायचं म्हणजे मला नोकरी सोडायला लागेल. बघ तुझं तू.”

सोफ्यावरून बाबा म्हणाले, “वर्तमानपत्राची सुरळी कर आणि दोन हाण नाकावर. चावायचं विसरेल.”

“मी विसरलो का?” मी म्हणालो.

२

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साहेबाचं तोंड उघडून पाहिलं, त्याला आपला अंगठा चावू दिला आणि हसल्या. “लवकर उचललंत हो आईपासून. भावंडांत राहिलं असतं तर किती जोरात चावायचं ते तिथेच शिकलं असतं.”

“मारू का?”

“तुम्हाला मारलं तर तुम्ही काय करता?”

मी साहेबाचे कान सरळ करायला लागलो.

“लहान मूल आहे ना घरी? मग ऐका. पळालं की शिकार, ढकललं की कुस्ती, किंचाळलं की तमाशा. पिल्लाला तिन्ही आवडतात. झाडाला मात्र कोणी चावत नाही. तिला झाड करा. हात काखेत, हनुवटी खाली, डोळे पायांकडे, हलायचं नाही. पिल्लू दोन उड्या मारेल, कंटाळेल, बसेल. बसलं की तुम्ही त्याला खाऊ द्यायचा. संपलं. पाच-दहा सेकंदांचं काम.”

मुंगीला खेळ आवडला. मी “झाड!” म्हटलं की ती जिथे असेल तिथे ताठ व्हायची. फक्त तीन आकड्यांच्या पुढे तिचं झाड टिकायचं नाही. साहेब बसायच्या आत हिचा पाय उचललेला, की परत धुमाकूळ.

म्हणून मी त्यात स्वतःची भर घातली. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं नव्हतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, “हे बघ, मामा ‘सुटलीस’ म्हणेपर्यंत झाड. मामाने म्हटलं तरच सुटायचं. मध्येच हललीस तर मी साहेबाला देऊन टाकणार. परत कधी दिसणार नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर इतकं गंभीर काही मी आधी पाहिलं नव्हतं.

“खरंच देशील?”

“खरंच.”

त्या दिवसापासून ती हलली नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. एकदा उगाच गंमत म्हणून मी पूर्ण मिनिट लावलं, तरी हलली नाही. मी “सुटलीस” म्हटलं की बाटलीचं बूच उडावं तशी उडायची, आणि साहेब तिच्याभोवती नाचायचा, पण दात न लावता. आठवड्याभरात ओरखडे बंद. ताई आली, दोन्ही बाह्या वर करून बघितल्या आणि म्हणाली, “काय रे, तुला जमलं की!”

मला किती बरं वाटलं हे लिहायची लाज वाटते. बाबांकडे पाहिलं तर ते टीव्हीचा आवाज वाढवत होते.

३

त्या दिवशी पावणेबारा वाजले होते. मुंगी आणि साहेब मागच्या खोलीत होते. ती माझी खोली. एका भिंतीला पलंग, दुसरीला डिप्लोमाच्या वेळचं ड्रॉइंग टेबल, आणि कपाट व खिडकी यांच्यामध्ये एक रिकामा कोपरा, दीड हात रुंद. साहेबाने मुंगीचा मोजा ओढला, ती किंचाळली, मी दारातून म्हणालो, “झाड!”

ती त्या कोपऱ्यात उभी राहिली. हात काखेत, हनुवटी खाली.

तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली. त्यांच्या हातात कॉलेजचं पत्र होतं. पुन्हा प्रवेश घ्यायची शेवटची तारीख उलटून गेली होती, आणि आधीची दोन पत्रं मी त्यांना न दाखवता फाडली होती.

“हे तिसरं आहे?”

“वाचता येतं ना तुम्हाला.”

“माझ्या हाताखाली अशिक्षित हेल्पर होते,” बाबा म्हणाले, “पण एकानेही मशीन अर्ध्यात बंद करून घरची वाट धरली नाही. तुला काय म्हणायचं? अडाणी म्हणायचं तर तुला वाचता येतं. शिकलेला म्हणायचं तर कागद नाही.”

“आणि तुम्हाला काय म्हणायचं? कारखान्याने हार घालून हाकललं तरी अजून शिफ्ट चालवताय. कामगार कोण, तर मी आणि एक कुत्रं!”

त्यांनी हात उगारला. मारला नाही. न मारता उगारलेला हात मला जास्त लागतो. मी पायात बूट सरकवले, दार आपटलं आणि निघून गेलो.

कुठे गेलो हे महत्त्वाचं नाही. चाललो. एका पुलाखाली बसलो. एका बांधकामावर मिस्त्री प्लास्टर करत होता ते बराच वेळ बघत बसलो. बाबांना काय काय सुनवायला हवं होतं ते सगळं तोंडातल्या तोंडात सुनावून झालं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरीची एकदाही आठवण झाली नाही.

परत आलो तेव्हा पावणेचार झाले होते.

बाबा सोफ्यावर डुलकी घेत होते. डोळे न उघडता म्हणाले, “आवाज करू नकोस. पोरगी झोपली आहे. चूं नाही केलं दिवसभर.”

मी मागच्या खोलीत गेलो. ती झोपलेली नव्हती.

हात काखेत, हनुवटी खाली. गुडघे थरथरत होते, पण पावलं जागची हलली नव्हती. पायाखाली ओलं होतं आणि कडेने वाळलंही होतं. साहेब तिच्यासमोर बसला होता, मान वर करून, शहाण्या कुत्र्यासारखा.

मी काय केलं? तिला उचललं. धुतलं, पुसलं, दुसरा फ्रॉक घातला, पाणी पाजलं. लादी पुसली. पाच वाजायच्या आत सगळं उरकलं. आणि तिचे केस विंचरता विंचरता म्हणालो, “आईला सांगू नको हं. मामाला रागावेल.”

तिने मान हलवली.

एवढं सगळं केलं. एक शब्द तेवढा राहिला. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

४

मुंगी शहाणी झाली. असंच म्हणायचे सगळे. खुर्चीवर बसवली की बसायची. ताट पुढे ठेवलं आणि “जेव” म्हटलं की जेवायची, “पुरे” म्हटलं की थांबायची. आई म्हणाली, “मोठी झाली गं बाई माझी!” बाबा म्हणाले, “घराला शिस्त असली की पोरं सुधारतात,” आणि हे श्रेयही स्वतःच्या खात्यात जमा करून टाकलं.

साहेबही सुधारला. चावणं तर सोडाच, तो मुंगीच्या जवळही जाईना. ती बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेली असायची, आणि तो तिच्या अंगावरून, वस्तूवरून जावं तसा, सरळ मागच्या खोलीत जायचा. तिथे कपाटाशेजारच्या कोपऱ्यासमोर बसायचा. मान वर. शेपटी लादीवर घासत.

बसलं की खाऊ मिळतो, हे मी त्याला शिकवलेलं होतं. तो खाऊची वाट बघत होता.

मी स्वतःला समजावलं. वास राहिला असणार. फिनेल टाकून तीनदा धुतलं. मग पाल असेल. कपाट सरकवून पाहिलं, पाल नव्हती. मग सवय असेल. कुत्र्याला जागेची सवय लागते. हे कारण मला पटलं, आणि दोन दिवस मी नीट झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलंगावर लोळत होतो. साहेब कोपऱ्यात आला, पुढचे पाय वाकवून ढुंगण वर केलं, म्हणजे खेळायला बोलावलं. मग पुढे झेपावून त्याने काहीतरी तोंडात धरलं. लादीपासून वीतभर उंचीवर, जिथे तिचा मोजा असायचा तिथे. मान झटकली. एकदा, दोनदा. आणि एकदम सोडून दिलं, मागे सरला, बसला.

समोरचं हललं नाही म्हणून.

५

डिप्लोमात मी एक गोष्ट शिकलो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, माप घ्यायचं.

साहेबाचा रबरी चेंडू घेतला आणि लादीवरून कोपऱ्यात सोडला. चेंडू घरंगळत गेला आणि भिंतीच्या हातभर अलीकडे थांबला. आपटला नाही, उडाला नाही. मऊ कशाला तरी टेकावा तसा थांबला.

असेल. लादीला उतार असेल उलट्या बाजूने. टेबलाच्या खणातून स्पिरिट लेव्हल काढली, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी. कोपऱ्यात ठेवायला हात पुढे करवेना. लांबूनच एका फूटपट्टीने ती ढकलून आत सरकवली. बुडबुडा माझ्याकडे सरकला. म्हणजे उतार भिंतीकडे होता. चेंडूने भिंतीपर्यंत जायलाच हवं होतं.

चेंडू पुन्हा सोडला. नऊ वेळा सोडला. नऊही वेळा हातभर अलीकडे.

दहाव्या वेळी चेंडू थांबल्यावर कापड अंगावर सारखं केल्यासारखा आवाज आला. अगदी हलका. मी ऐकत राहिलो. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर मुंगी, सांगितल्याप्रमाणे, बसली होती.

६

मुंगी नुकतीच सकाळी दोन तास बालवाडीत जायला लागली होती. महिन्याभराने तिथल्या बाईंनी ताईला बोलावून घेतलं. इतर मुलं सुट्टीत मैदानात पळतात, ही वर्गातच बसते. “बाहेर जा” म्हटलं की जाते आणि दाराबाहेर उभी राहते. पुढचं सांगेपर्यंत.

ताईने मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं, मग आणखी एका डॉक्टरांना. कान ठीक, डोळे ठीक, मेंदू ठीक. “एखादी भीती बसली आहे का?” असं त्यांनी विचारलं म्हणून ताई संध्याकाळी आमच्याकडे आली. पर्स खांद्यावरून न उतरवताच समोर बसली.

“खरं सांग. इथे काही झालं होतं?”

आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं.

“काय व्हायचंय?” बाबाच म्हणाले. “दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असते. केसालाही धक्का लागलेला नाही.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. “तू बोल.”

“बाबा सांगतायत ना,” मी म्हणालो.

जन्मात एकदा आम्हा बापलेकांचं एकमत झालं, ते असं. ते झोपले होते हे त्यांना लपवायचं होतं आणि मी निघून गेलो होतो हे मला. कोणी कोणाला खूण केली नाही.

ताई रडली. तिला रडताना मी तिच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. “माझंच चुकतंय कुठेतरी,” ती म्हणाली. “दिवसभर दुसऱ्यावर टाकून जाते ना पोरीला, त्याचं असेल.” मी ते ऐकून घेतलं. पाण्याचा पेला आणून दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने बिनपगारी रजा टाकली आणि मुंगीला घरीच ठेवलं. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. ताई स्वयंपाकघरात होती. मुंगी खिडकीपाशी स्टुलावर. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. हळूच म्हणालो, “मुंगे, सुटलीस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्याने चुकीच्या घराची बेल वाजवली तर त्याच्याकडे बघतो तसं.

“इथे नाही, मामा,” ती म्हणाली. “तिकडे जाऊन म्हण.”

ताईला हाक मारायची होती. तिला म्हणायचं होतं, हिला घेऊन माझ्याबरोबर चल, आत्ताच्या आत्ता. पण मग का ते सांगावं लागलं असतं. मी चहा घेतला आणि एकटाच घरी आलो.

७

“त्या कोपऱ्यात तुम्ही मला उभं करायचात,” मी बाबांना म्हणालो. सोमवार होता, सकाळचे अकरा. “भिंतीकडे तोंड करून. तुम्ही ‘जा’ म्हणेपर्यंत.”

मुंगीला जो नियम लावला तो मी कुठून आणला, हे मला आदल्या दिवशी बसमध्ये आठवलं होतं.

“शिस्त होती ती.” त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. “एकदा तर दुसऱ्या पाळीला निघायची घाई, तसाच गेलो. परत आलो तर तू तिथेच. नऊ वर्षांचा असशील. आईने उचलून नेऊन झोपवलं.”

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अजून आठवत नाही.

“मग ‘जा’ कोण म्हणालं?”

“उचललं ना! आणखी म्हणायला काय लागतं?” मग थोडं थांबून, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, “त्यानंतर तू उलटून बोलला नाहीस कधी. पुढे कितीतरी वर्षं. चांगला होतास तेव्हा.”

तेवढ्यात बेल वाजली. मीटर वाचायला माणूस आला होता. बाबा दार उघडून त्याच्याशी हुज्जत घालायला लागले, मागच्या वेळचा आकडा कसा चुकला होता वगैरे. मी बादली आणि पोछा घेऊन मागच्या खोलीत गेलो. साहेब जागेवर होताच, मान वर करून.

मी सगळी लादी पुसली. ओलीचिंब. कोपऱ्यातही हात लांब करून पोछा फिरवला, आणि मग पाय वर घेऊन पलंगावर बसलो.

खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे ओलेपणा चमकत होता. कोपऱ्यात दोन जागा चमकत नव्हत्या. कोरड्या. माझ्या तळहाताएवढ्या, शेजारी शेजारी, बोटं माझ्याकडे. त्यांच्या मागे, भिंतीला लागून, आणखी दोन कोरडे डाग होते, जरा मोठे. तिकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

“सुटलीस,” मी म्हणालो.

साहेब हलला नाही. मोठ्याने पुन्हा म्हणालो. “मुंगे, सुटलीस. मामा विसरला. सुटलीस तू.”

साहेब ताडकन उठला. नजर खाली आली, उजवीकडे फिरली, दाराकडे गेली. ओल्या लादीवर थपथप आवाज झाला, पटपट, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. साहेब त्या आवाजामागे नाचत निघाला. उंबऱ्याशी थांबला. एकदा वळून त्याच कोपऱ्याकडे बघितलं, आधीपेक्षा बरंच वर, आणि शेपटी हलवली. मग धावला.

मला तेव्हा दार आठवलं.

मी बाहेरच्या खोलीत पोचलो तेव्हा बाबा मीटरवाल्याला कागद दाखवत होते. दार सताड उघडं. मीटरवाला बोलता बोलता एक पाय मागे घेऊन बाजूला सरला, जसं आपण लहान मुलाला जाऊ देतो. मग साहेब आला, तेव्हा तो पुन्हा एकदा सरला.

“कोण गेलं?” मी ओरडलो.

“कुत्रं,” बाबा म्हणाले.

मीटरवाला मात्र अजून वळलेलाच होता. रस्त्याकडे बघत होता, कपाळाला आठी घालून.

८

आमच्या घरापासून ताईचं घर स्कूटरवर पस्तीस मिनिटं. सहा मोठे चौक. मुंगी तो रस्ता कधी चाललेली नव्हती. आईच्या पुढे उभी राहून यायची, अर्धी झोपेत. कुठे वळायचं हे तिला कोण सांगणार होतं?

मी धावलो. लावलेल्या गाड्यांच्या मधून तपकिरी शेपटी दोनदा दिसली. एकदा एका दुकानासमोर, जिथे एक बाई हातातली पिशवी छातीशी धरून दचकून मागे झाली होती. मग पुढच्या चौकात, सिग्नल सुटलेला असताना, पलीकडच्या बाजूला. त्यानंतर नाही. संध्याकाळपर्यंत हाका मारत फिरलो. लोकांना वाटलं कुत्रं शोधतोय. “साहेब, साहेब” असं ओरडणाऱ्याला वेडाच समजले असणार. दुसरं नाव मी फक्त तोंडातल्या तोंडात घेत होतो.

साहेब परत आला नाही.

घरी आलो तेव्हा मागच्या खोलीची लादी वाळलेली होती. बाबा दारात उभे होते, खोलीत नजर टाकून. मी खाली बसलो आणि चेंडू सोडला.

चेंडू भिंतीपर्यंत गेला नाही. वीतभर अलीकडे थांबला.

मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. त्यांनीही तो थांबलेला बघितला होता. त्यांना म्हणायचा होता तो शब्द एका अक्षराचा होता. त्यांचे ओठ हललेही. मग ते वळले, सोफ्यावर जाऊन बसले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तो शब्द त्यांनीच म्हणायला हवा होता. माझ्या म्हणण्याचा उपयोग नव्हता.

९

त्याच आठवड्यात मी ताईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पावणेबारापासून पावणेचारपर्यंत, ओला फ्रॉक, “आईला सांगू नको”, सगळं. कोपरा, चेंडू, मीटरवाला हेही सांगितलं. ते तिला खरं वाटलं की नाही मला माहीत नाही. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. पलीकडे मुंगी स्टुलावर बसून ऐकत होती, किंवा नुसती बसली होती.

शेवटी ताईने एकच विचारलं. “रविवारी तू इथे आला होतास. तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी तेव्हा हिला घेऊन तुझ्याबरोबर आले असते तर?”

मी पलीकडे स्टुलाकडे पाहिलं.

ती उठली आणि दाराची कडी काढून उभी राहिली.

याला चार वर्षं झाली. मुंगी शाळेत जाते, पास होते. ऊठ म्हटलं की उठते. हे मला आई सांगते. ताईने नोकरी सोडली आणि घर बदललं. नवा पत्ता तिने आईला दिला आहे, मला नाही.